आधी शेवट, मग मधलं

बेळगावात टिळकवाडीच्या पहिल्या रेल्वे गेटला फाटक पडलं की माणसं वैतागतात. सायकलवाले वाकून पलीकडं जायला बघतात, रिक्षावाले इंजिन बंद करून मोबाईल काढतात, आणि एखादा तरी म्हातारा रेल्वेखात्याचा उद्धार करतो. आनंदराव मात्र फाटकात अडकले की खुशीत यायचे. शेजारी जो कोण उभारलेला असेल त्याला सांगायचे, "बघा की, फाटक पाडणं सोपं असतंय. उघडणं महत्त्वाचं. गाडी वेळेवर आली तरी उघडायला पाहिजे, वाटेत बंद पडली तरी उघडायला पाहिजे, रद्द झाली तरी उघडायला पाहिजे. नाहीतर आपण काय जन्मभर इथंच एक पाय टेकून उभारायचं?" समोरचा मान हलवायचा आणि मनात म्हणायचा, गृहस्थ जरा सैल दिसतोय.

गृहस्थ सैल नव्हता. त्याचा सगळा धंदाच फाटकाचा होता. हमरस्त्यावर ट्रक तोलायचे मोठे काटे असतात, त्यांचे कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम आनंदराव लिहायचे. ट्रक काट्यावर चढला की पुढं एक आणि मागं एक असे दोन दांडे खाली येतात. ट्रक जागचा हलत नाही, वजन घेतलं जातं, चिठ्ठी छापून येते, दांडे वर जातात, काटा शून्यावर येतो. ऐकायला एवढंच. पण छापताना कागद अडकला, किंवा वायर ढिली होऊन वजनाच्या जागी भलतंच काही आलं, तर प्रोग्रॅम त्या ओळीवरच मान टाकतो. पुढच्या ओळी तशाच राहतात आणि ट्रक दोन दांड्यांच्या मधे कोंडून पडतो. मागं रांग लागते, ड्रायव्हर एकमेकांच्या आयाबहिणी काढतात आणि काटेवाल्याला घाम फुटतो.

यावरचं औषध पास्कल नावाच्या प्रोग्रॅमच्या भाषेत आहे आणि आनंदराव जन्मभर पास्कलमधेच लिहीत आले. ट्राय आणि फायनली असे दोन शब्द. ट्रायच्या खाली काम लिहायचं, फायनलीच्या खाली आवराआवर. वरचं काम नीट पार पडो की अर्ध्यावर फिसकटो, फायनलीखालचं केल्याशिवाय प्रोग्रॅम तिथून पुढं सरकत नाही. चूक मात्र तो गिळत नाही. दांडे वर करतो, प्रिंटर सोडतो, आणि मग चूक जशीच्या तशी वर पाठवतो, जो कोण निस्तरणार असेल त्याच्याकडं. "घरात भांडण झालं तरी गॅस बंद करूनच तरातरा निघून जायचं असतं," असं आनंदराव समजावून सांगायचे. त्यांच्या बायकोला हे उदाहरण आवडायचं नाही, कारण ते तिच्यावरूनच घेतलेलं होतं.

त्यांची लिहायची एक तऱ्हा होती. दांडा खाली पाडायची ओळ लिहिली की लगेच खाली ट्राय, लगेच फायनली, लगेच दांडा वर करायची ओळ. सगळं आधी मिटवून घ्यायचं आणि मधली जागा कोरी ठेवायची. मग चहा प्यायचा, आणि मग निवांत मधलं काम भरायला घ्यायचं. आधी शेवट, मग मधलं. माणूस विसराळू असतो, शेवटाला आला की कंटाळतो, म्हणून शेवट ताज्या डोक्यानं लिहावा, असा त्यांचा हिशेब. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीतल्या नव्या पोरांनी भाषा बदला म्हणून कितीदा सांगितलं. हा गडी ढिम्म हलला नाही.

घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं ऑफिस होतं. धंदा चालता होता तेव्हा दोन मुली टायपिंगला यायच्या. संध्याकाळ झाली की आनंदराव उठून म्हणायचे, "तुम्ही निघा आता, घरी वाट बघत असतील. मी बंद करून घेतो." आधी माणसं बाहेर, मग मशीन, मग दिवे, मग दार. मालकानं शेवटी निघायचं हा त्यांचा घरातलाही नियम होता.

विनोदिनीबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, शाळेत गणित शिकवायच्या. शाळा सुटली की ऑफिसात येऊन प्रोग्रॅम तपासायच्या. चुकीची बटणं दाबण्यात त्यांचा हात धरणारं बेळगावात कोणी नव्हतं. वजन येता येता वायर उपटायची, छापता छापता कागद ओढून काढायचा, मधेच भलताच आकडा घालायचा. घरी खरा काटा कुठला असणार? म्हणून आनंदरावांनी एका फळीवर दोन बारके दिवे बसवले होते. तांबडा लागला की दांडा खाली, हिरवा लागला की दांडा वर. विनोदिनीबाईंनी वायर उपटली की पडद्यावर चुकीची पाटी यायची, पण त्याआधी हिरवा दिवा लागलेला असायचा. मग आनंदराव शर्टाची कॉलर ताठ करायचे आणि बाई म्हणायच्या, "पुरे, पुरे. मीठ कमी होतं आजच्या आमटीत, तेव्हा नाही कॉलर ताठ केली." आमटी आनंदरावांनी केलेली असायची.

असा संसार होता. त्याला दृष्ट लागावी इतका काही तो मोठा नव्हता, तरी लागली.

पहिल्यांदा आनंदरावांच्या डोक्यातून नावं जायला लागली. मग एकदा दुसऱ्या रेल्वे गेटापाशी आनंदराव बराच वेळ नुसते उभारले होते. फाटक उघडं होतं, गाडी येऊन गेली होती, आणि घर कुठल्या अंगाला हे त्यांना सुचत नव्हतं. शेजारची मंगल भाजी घेऊन येत होती, तिनं हाताला धरून आणलं. कॅम्प भागातल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, मेंदूचे फोटो काढले आणि बाईंना बाजूला घेऊन सांगितलं, की हे उलटं फिरणारं दुखणं नाही. मेंदू हळूहळू एकेक खोली बंद करत जाणार. "काम करतायत तोवर करू द्या," डॉक्टर म्हणाले. "काम हाच त्यांचा आधार आहे. तो सुटला की बाकीचं फार लवकर सुटेल."

त्या दिवसापासून विनोदिनीबाईंनी एकच गोष्ट धरून ठेवली, की यांची खुर्ची यांच्याकडून जाता कामा नये. गिऱ्हाईकांचे फोन त्या स्वतः घ्यायला लागल्या. साहेब बाहेर गेलेत, साहेबांचा घसा बसलाय. पुण्याला असलेल्या भैरवीला, म्हणजे मुलीला सांगायच्या, बाबा आंघोळीला गेलेत. "आई, बाबा दिवसातनं किती वेळा आंघोळ करतात गं?" असं भैरवीनं एकदा विचारलं, तेव्हा बाई हसल्या आणि फोन ठेवून मोरीत जाऊन रडल्या. गणिताच्या बाईनं खोटं बोलायला शिकावं यासारखी शिक्षा नाही. त्यांना ते नीट जमतही नव्हतं.

एकेक काटेवाला सुटत गेला आणि शेवटी कोगनोळीचा आण्णाप्पा तेवढा राहिला. निपाणीच्या पुढं, महाराष्ट्राच्या हद्दीला टेकून हमरस्त्याकडेला त्याचा काटा. इकडून तंबाखू आणि गूळ, तिकडून लोखंड आणि फरशी, सगळं त्याच्या काट्यावरून जायचं. त्यानं फोन केला, "वैनी, साहेबास्नी सांगा, चिठ्ठी नुसती मराठीत येतीया. कन्नड बी छापून पायजे. ड्रायव्हर लोक भांडाय लागल्यात." बाईंना वाटलं, काम लहान आहे, जमेल. आणि आनंदराव खरंच खुशीत आले. वजनाचा सगळा भाग नव्यानं लिहितो म्हणाले. आठवडाभर टायपिंगचा आवाज घरात घुमत होता आणि बाई स्वैपाकघरात तो ऐकत होत्या. देवाला हात जोडायची सवय नव्हती, ती त्या आठवड्यात लागली.

तपासायचा दिवस आला. बाईंनी वायर उपटली. तांबडा दिवा लागला, लगेच हिरवा लागला. आकडा चुकीचा घातला, तांबडा, लगेच हिरवा. आनंदरावांनी कॉलर ताठ केली. चुकीची पाटी मात्र पडद्यावर आली नाही. हे बाईंच्या ध्यानात आलं होतं. मागं इतक्या वर्षांत पाटी आली नाही असं कधी झालं नव्हतं. पण कॉलर ताठ झालेली बघून त्यांनी मनाला समजावलं, यांनी काहीतरी नवी युक्ती केली असेल. जे बघायचं नसतं ते माणसाला बरोबर दिसत नाही. सरळ वजन घेऊन चिठ्ठी छापून बघायचं काम आनंदराव स्वतःच करायचे, तेही झालं असेल असं त्यांनी धरलं. प्रोग्रॅम कोगनोळीला पाठवला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आण्णाप्पाचा फोन.

"वैनी, मशीन लई शानं झालंय बगा," आण्णाप्पा म्हणाला. "दांडा पडतोय, दांडा उठतोय, शून्य बी येतंय. मधी काय करत न्हाय, एवढंच."

"म्हणजे?"

"म्हंजे गाडी आलती न् गेली बी. वजन न्हाय, चिठ्ठी न्हाय. चूक हाय म्हनून बी सांगत न्हाय. आता काय करू?"

बाईंनी गाडी काढली. आनंदराव शेजारी बसले, मांडीवर लॅपटॉपची बॅग, इस्त्रीचा शर्ट. वंटमुरीचा घाट गेला, संकेश्वर गेलं. तवंदीच्या घाटात आनंदराव बोलायला लागले. आण्णाप्पाचा काटा पहिल्यांदा बसवला तेव्हा पाऊस होता, आण्णाप्पाच्या बायकोनं झुणका करून आणला होता, दांडा आण्णाप्पाच्याच डोक्यात बसला होता. सगळं जसंच्या तसं, एक नाव चुकलं नाही. बाईंनी घाटभर गाडी सावकाश चालवली. घाट संपू नये असं त्यांना वाटत होतं.

काट्यावर ट्रकांची रांग होती. आण्णाप्पानं पत्र्याच्या केबिनमधे खुर्ची पुसून दिली आणि आनंदरावांनी प्रोग्रॅम उघडला. बाई मागं उभारल्या.

पडद्यावर ओळी होत्या. दांडा खाली, ट्राय, फायनली, दांडा वर. त्याच्या आत प्रिंटर घेतला, ट्राय, फायनली, प्रिंटर सोडला. त्याच्या आत काट्याची वायर जोडली, ट्राय, फायनली, वायर सोडली, काटा शून्यावर. जे जे उघडलं ते ते मिटलेलं, एकही अर्धविराम चुकलेला नाही. आणि सगळ्याच्या आत, जिथं वजन घ्यायचं आणि चिठ्ठी छापायची, तिथं कोरी जागा. शेवट आधी लिहून आनंदराव चहाला उठले होते आणि परत येऊन मधलं भरायचं असतं हेच त्यांच्या डोक्यातून गेलं होतं. प्रोग्रॅमनं कुठं तक्रार करावी? त्याला नेमून दिलेलं सगळं तो चोख करत होता. काही न करता नीट आवरून बाहेर पडत होता.

आनंदरावांनी त्या कोऱ्या जागेत बोट नेलं. आनंदरावांनी झराझरा लिहिलं, ट्राय. खाली लिहिलं, फायनली. दोन्हींच्या मधे जागा सोडली आणि हात थांबले.

"विनू," ते म्हणाले, "मधलं काय होतं गं?"

"वजन घ्यायचं होतं," बाई म्हणाल्या. आवाज त्यांनी जागेवर ठेवला.

"बरोबर, बरोबर. वजन." त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा लिहिलं, ट्राय. पुन्हा फायनली.

बाहेर ट्रकांचे हॉर्न वाजायला लागले. बाईंनी आण्णाप्पाकडं बघितलं. आण्णाप्पा शिकलेला नव्हता, पण माणसं ओळखणारा होता. "साहेब, चला, च्या घिऊया भाइर," म्हणून त्यानं आनंदरावांना दंडाला धरून उठवलं. बाई खुर्चीत बसल्या. आनंदरावांनी जुना प्रोग्रॅम कायम शेजारी जपून ठेवलेला असायचा, तीही त्यांचीच शिस्त. बाईंनी तो परत जागेवर घातला. पहिला ट्रक चढला, दांडे पडले, वजन आलं, मराठीतली चिठ्ठी छापून आली, दांडे उठले. रांग हलली.

आण्णाप्पा दारात येऊन उभारला. मागं आनंदराव, हातात चहाचा ग्लास.

"वैनी, साहेबास्नी काय झालंय?" आण्णाप्पानं हळूच विचारलं.

"काही नाही हो," बाईंच्या तोंडून सवयीनं निघालं. "वायर ढिली झाली होती. आता..."

"वायर नव्हे," आनंदराव मागून म्हणाले. त्यांचा आवाज एकदम पहिल्यासारखा, टायपिंगच्या मुलींना शिकवताना असायचा तसा. "चूक मधी आहे. गिळू नकोस विनू. आवरून झालंय ना? मग वर पाठव."

ते प्रोग्रॅमबद्दल बोलले की स्वतःबद्दल, हे विनोदिनीबाईंना तेव्हा कळलं नाही आणि नंतरही कधी कळलं नाही. पण इतके महिने ज्या माणसासाठी त्या चूक गिळत आल्या होत्या, त्यानंच तसं म्हटलं होतं. त्या केबिनच्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी आण्णाप्पाला सगळं सांगितलं. आण्णाप्पानं खांद्यावरचा टॉवेल काढून तोंडावरून फिरवला.

"आदी सांगायचं न्हाय व्हय?" तो म्हणाला. "आमी काय परकं हाव?" मग त्यानं खुर्ची उचलून काट्यासमोर ठेवली. "साहेब, बसा हितं. गाडी उतरली की शून्य येतंय का तेवढं बगा. माजी नजर आता पोचत न्हाय." त्याची नजर घारीसारखी होती. आनंदराव दुपारभर तिथं बसून तांबड्या आकड्यांकडं बघत राहिले आणि प्रत्येक ट्रक उतरला की म्हणत राहिले, "आलं शून्य."

परत येताना तवंदीच्या घाटात बाईंनी गाडी कडेला घेतली आणि भैरवीला फोन लावला. "बाबा आंघोळीला गेलेले नाहीत," त्या म्हणाल्या, आणि मग पहिल्यापासून सगळं सांगितलं.

भैरवी आली, रडली, पुण्याला चला म्हणाली. बाई नको म्हणाल्या. तिथलं दार कुठं, दिव्याचं बटण कुठं, यांना काय कळणार? इथं निदान काय बंद करायचं ते यांच्या हातांना ठाऊक आहे. आण्णाप्पानं पुढं दुसरीकडून प्रोग्रॅम घेतला, आणि तो घेण्याआधी टिळकवाडीला येऊन बाईंची परवानगी मागून गेला. कॅम्पातले डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. काम सुटलं, आणि मग बाकीचं फार लवकर सुटलं. भैरवीचं नाव गेलं. कोगनोळी गेलं. घाटातला पाऊस आणि झुणकाही गेला. संसाराचं मधलं सगळं पान कोरं होत गेलं आणि ते वाचायला एकट्या विनोदिनीबाई उरल्या.

आवराआवर तेवढी राहिली. रोज दिवेलागणीला आनंदराव पुढच्या खोलीतून उठायचे. खोलीत आता बंद कॉम्प्युटर आणि ती दोन दिव्यांची फळी एवढंच होतं. बाई तिथंच काही निवडत किंवा विणत बसलेल्या असायच्या. आनंदराव त्यांच्याकडं बघून अदबीनं म्हणायचे, "मॅडम, तुम्ही निघा आता. घरी वाट बघत असतील. मी बंद करून घेतो."

पहिल्या दिवशी बाईंनी सांगून बघितलं, अहो, मी विनू. आनंदराव घाबरे झाले. ऑफिसातली बाई जाईना, म्हणजे दार कसं लावायचं? तेव्हा बाईंनी पर्स उचलली, चपला घातल्या आणि त्या बाहेर पडल्या. मागं कडी लागल्याचा आवाज आला. मग बोळातून वळसा घालून, मंगलच्या घरावरून, त्या परसदारानं स्वैपाकघरात आल्या. आनंदराव दिवे मालवून आत आले, त्यांना बघितलं आणि चेहरा उजळला.

"आलीस?" ते म्हणाले. "आज उशीर केलास गं."

तेव्हापासून रोज असंच. स्वतःच्या घरातून पर्स घेऊन निघणाऱ्या बाईंना बघून मंगलनं सुरुवातीला विचारलं, नंतर विचारणं सोडून दिलं. कधी ओट्यावर उभारलेली असली तर नुसती म्हणायची, "सावकाश, आक्का." बाईंचे गुडघे दुखायचे, बोळात दिवा नव्हता. पण दिवसभरात ते एकच वाक्य त्यांना मिळायचं, आणि त्यासाठी त्यांनी बेळगावला प्रदक्षिणा घातली असती.

यंदा दिवाळी होऊन गेल्यावरची गोष्ट. त्या दिवशीही आनंदराव उठले, मॅडम निघा म्हणाले, कडी लागली. बाई वळसा घालून परसदारानं आत आल्या. आनंदराव स्वैपाकघरात आले, थांबले आणि त्यांनी बाईंकडं बघितलं. नजरेत काही हललं नाही.

"कोण पाहिजे आपल्याला?" त्यांनी विचारलं.

बाईंनी पर्स ओट्यावर ठेवली. मग त्या अदबीनं म्हणाल्या,

"काटा बंद झालाय का, विचारायला आले होते."

"झालाय की," आनंदराव म्हणाले. एकदम मोकळे झाले. खुर्ची पुढं ओढून त्यांनी हातानं पुसली. "शून्यावर आणून ठेवलाय. काळजी नको. तुम्ही बसा जरा, आमची ही बाहेर गेलीय. येईलच एवढ्यात. ती आली की चहा घेऊ सगळे."

विनोदिनीबाई बसल्या. समोरच्या खुर्चीवर आनंदराव बसले. परसदार त्यांनी लावलं नव्हतं, तिला आत यायचं होतं म्हणून. दोघं त्या दाराकडं बघत वाट पाहत राहिले.